उर्वशीचा कॅमेरा

पांढुर्ण्याच्या उर्वशी घागरेनं नवा कॅमेरा घेतला, हे सौंसरच्या अर्चना सोमकुंवरला उर्वशीच्याच स्टेटसवरून कळलं. लाल कापडावर कॅमेरा ठेवलेला, त्याला हळदकुंकू वाहिलेलं आणि शेजारी लांब नळीची एक लेन्स. अर्चनानं तो फोटो बोटांनी ताणून मोठा केला, मॉडेलचा आकडा वाचला आणि नेटवर त्याची सगळी माहिती शोधून काढली. अंधारात कसा चालतो, माणूस हलला तरी डोळ्यावरचा फोकस कसा सोडत नाही, पांढऱ्यावर पांढरं असलं तरी दोन्ही वेगळं कसं दाखवतो. वाचता वाचता गॅसवरचं दूध उतू गेलं.

"काय जळून राहिलं?" बाहेरून नवऱ्यानं, प्रवीणनं विचारलं. तो वीज विभागात लाइनमन होता आणि नुकताच ड्यूटीवरून आला होता.

"दूध. त्या पांढुर्णेवालीनं कॅमेरा घेतला."

"मग घेऊ दे ना. तुले काय करा लागते?"

"मले काय करायचं," अर्चना म्हणाली आणि ओटा पुसायला लागली.

अर्चनाचा स्टुडिओ सौंसरच्या बसस्टँडजवळ होता. तो तिच्या वडिलांचा, भिवाजींचा. ते गेल्यावर भावांपैकी कोणाला त्यात रस नव्हता, म्हणून तो तिच्याकडे आला. दिवसभर फॉर्मांना लागणारे पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, झेरॉक्स. आणि लग्नसराईत लग्नं. गावातली ती पहिली बाई फोटोग्राफर. नवरीच्या खोलीत तिला कोणी अडवत नसे. आयाबाया तिच्यासमोर पदर सारखा करत नसत. तिचा कॅमेरा जुना होता, शिकाऊ लोक घेतात तसला, सोबत जी लेन्स मिळाली होती तीच त्याला अजून लावलेली. संध्याकाळ झाली की त्याचे फोटो दाणेदार यायचे. बारा महिने काम देणारं ते यंत्र, त्याच्यावर तिचा राग नव्हता. उर्वशीचे फोटो पाहायला लागेपर्यंत तरी नव्हता.

उर्वशी तिच्यापेक्षा बरीच लहान. सासरी संत्र्याचा व्यापार, घरी बागा. एका लग्नात दोघींची ओळख झाली तेव्हा ती अर्चनाला "ताई" म्हणाली आणि तिचा फोन नंबर घेऊन गेली. तेव्हापासून अर्चना तिचे स्टेटस पाहत आली. रोज. नवरीच्या गळ्यात हार पडताना मागे जांभई देणारी करवली. वरातीतल्या घोड्याच्या मालकाचा चेहरा. हळद लावताना एकमेकींवर ओरडणाऱ्या दोन जावा. फोटो पाहिला की अर्चना तो पुन्हा पुन्हा उघडायची आणि नवा कॅमेरा आल्यापासून कोणाला तरी, बहुतेक प्रवीणलाच, सांगायची, "कॅमेरा पाहा ना तिचा. त्या कॅमेऱ्यानं कोणीबी असे काढीन."

प्रवीण एकदा म्हणाला, "तू जळून राहिली."

"मी काहाले जळू? खरं तेच सांगून राहिली."

हे वाक्य तिला फार उपयोगी पडत होतं. स्वतःच्या कामात काही कमी आहे असं त्यामुळे मानावं लागत नव्हतं. कमी होती ती फक्त एका वस्तूची.

मग मेश्रामांच्या स्नेहाचं लग्न ठरलं. श्रावण मेश्राम हे अर्चनाच्या मोहल्ल्यातले. बोरगावच्या एका कंपनीत कामाला होते. त्यांच्या स्वतःच्या लग्नाचे फोटो भिवाजींनी काढलेले. स्नेहाच्या पहिल्या वाढदिवसापासून त्या घरातला प्रत्येक फोटो याच स्टुडिओतला. त्यामुळे या लग्नाचं कोणी विचारायलाही आलं नाही तेव्हा अर्चनाला वाटलं, विचारायचं काय त्यात, धरूनच चालले असतील. एका सकाळी भाजी घेताना श्रावणकाकांची बायको मालतीकाकू भेटली आणि नजर चुकवायला लागली.

"बाई, एक सांगायचं होतं," शेवटी तीच म्हणाली. "स्नेहानं फोटोवाली नागपुरातूनच ठरवून टाकली. तिच्या मैत्रिणीच्या लग्नात होती म्हणे ती पांढुर्ण्याची. आता या पोरी नोकरी करतात, आपलं आयकतात काय? तू वाईट नको मानू."

"नाही काकू, वाईट काय त्यात. तिचा कॅमेराच भारी आहे."

"तेच म्हणे स्नेहा," मालतीकाकूला सुटल्यासारखं झालं.

अर्चना त्या दिवशी भाजी न घेताच परत आली. स्टुडिओत बसून तिनं एका शाळकरी मुलीचा पासपोर्ट फोटो काढला आणि तिला तीनतीनदा हनुवटी वर करायला लावली. दुसरीकडे कोणी गेलं असतं तर चाललं असतं. आपल्या मोहल्ल्यातलं, आपल्या बुद्धविहारातलं लग्न, आणि तिथे ती पाहुण्यांसारखी नवी साडी नेसून जेवायला जाणार. तिनं ठरवलं, जायचंच नाही. त्या दिवशी माहेरी काम काढायचं.

लग्न चारपाच दिवसांवर असताना उर्वशीचा फोन आला.

"ताई, मी पडली. तिगावपाशी गाडी घसरली. उजवा हात मोडला."

"अरे बाप्पा. जास्त लागलं काय?"

"प्लास्टर केलं. बाकी ठीक आहे. ताई, तुमच्या सौंसरचं मेश्रामांचं लग्न आहे ना माह्यापाशी. आता मी कॅमेरा उचलू नाही शकत. तुम्ही काढून देता काय? कॅमेरा माझाच घ्या, लेन्स बी देतो. मी संग राहीन, जसं जमलं तसं मोबाईलवर काढीन."

अर्चनाला तिची कीव यायच्या आधी आनंद झाला. तो इतका सरळ आला की तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला, जणू पहिल्या कानानं काही भलतंच ऐकलं असावं. मग आवाज साधा ठेवून ती म्हणाली, "जमवतो मी. तू टेन्शन नको घेऊ."

उर्वशीचा नवरा दुसऱ्याच दिवशी पिशवी आणून देऊन गेला. अर्चनानं दार लावून ती उघडली. कॅमेरा हातात घेतला तर तो तिच्या अंदाजापेक्षा जड निघाला, पण पकड अशी की बोटं आपोआप जागेवर बसली. तिनं खिडकीत वाळत घातलेल्या टॉवेलचा फोटो काढला. टॉवेलाचा धागा न् धागा दिसत होता. मग प्रवीणचा काढला. त्याच्या भुवईतला पिकलेला केस दिसला, जो रोज समोर बसून तिला कधी दिसला नव्हता.

शनिवारी प्रवीणला सुट्टी होती. ती त्याच्या मागे बसून जामसांवलीला मारुतीच्या देवळापाशी गेली, गर्दीत हात बसवायला. नारळ विकणाऱ्या बाया, उन्हात लायनीत उभी माणसं, चपला सांभाळणारा म्हातारा, सगळ्यांचे तिनं फोटो काढले. सगळे सुरेख आले. परत येताना ती गाडीवर मागे बसून गुणगुणत होती.

"खूश दिसून राहिली," प्रवीण म्हणाला.

"आता पाहा म्हणा लोकायले," ती म्हणाली.

लग्न विहाराच्या हॉलमध्ये होतं. पत्र्याचं छप्पर, खिडक्या उंचावर, आत ट्यूबलाइटचा फिका उजेड. नवरा पांढऱ्या कपड्यात, स्नेहा पांढऱ्या साडीत, निम्म्या बायाही पांढऱ्याच साड्या नेसलेल्या. अशा लग्नांत अर्चनाचा जुना कॅमेरा नेहमी गोंधळायचा. साडी नीट आली तर चेहरे काळवंडायचे, चेहरे उजळवले तर साडीचा नुसता पांढरा डाग होऊन जायचा. आज तसं काही झालं नाही. साडीची बारीक जर वेगळी, भिंतीचा चुना वेगळा, मोगऱ्याचा हार वेगळा. मेणबत्त्या पेटवताना स्नेहाच्या गालावर पडलेला पिवळा उजेडही जसाच्या तसा उतरला. त्रिशरण सुरू झालं तेव्हा अर्चना पुढे सरकली, गाथा म्हणत फुलं उडाली तेव्हा तिनं बोट दाबूनच धरलं, आणि नंतर पडद्यावर पाहिलं तर पाकळ्या हवेतच थांबलेल्या होत्या. पाहुणे तिच्याकडे बघत होते. नवरदेवाकडचा एक मुलगा मित्राला म्हणाला, "बड़ा कैमरा है यार." अर्चनानं ते ऐकलं.

उर्वशी गळ्यात अडकवलेल्या झोळीत प्लास्टरचा हात घेऊन हिंडत होती. डाव्या हातात मोबाईल. कधी ती बायांत बसलेली दिसायची, कधी मागच्या बाजूला आचाऱ्याशी बोलताना. मधेच एकदा अर्चनापाशी येऊन म्हणाली, "ताई, मस्त करून राहिल्या तुम्ही. काही लागलं तर सांगा." मग पुन्हा गायब झाली. अर्चनाला तिच्याकडे पाहून बरं वाटलं. एवढ्या नावाची बाई, आणि आज पाहुण्यांच्या पोरांसारखी मोबाईल धरून फिरते आहे.

पाठवणीच्या वेळी सगळा मोहल्ला गाडीभोवती जमला. मुलगी छिंदवाड्याला चालली होती. मालतीकाकू स्नेहाच्या गळ्यात पडून रडली, मावश्या रडल्या, अर्चनानं गाडीच्या दारापाशी गुडघा टेकून त्या सगळ्यांचे फोटो घेतले. एकही अश्रू तिच्या कॅमेऱ्यानं सोडला नाही.

दोन दिवसांनी तिनं स्टुडिओचं शटर अर्धं ओढून फोटो निवडायला घेतले. उर्वशीला एका हातानं ते काम होणार नव्हतं, म्हणून अल्बमही अर्चनानंच लावायचा असं ठरलं होतं. उर्वशीनं मोबाईलवरचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून दिले होते आणि खाली लिहिलं होतं, "चांगले वाटले तर घ्या ताई."

आधी अर्चनानं स्वतःचे पाहिले. पहिले काही पाहताना ती हरखून गेली. इतकं स्वच्छ काम तिच्या हातून कधी झालं नव्हतं. पण जसजशी ती पुढे गेली तसा तिचा हात मंदावला. हार घालताना डावीकडून. फुलं पडताना समोरून. आईनं मिठी मारताना दाराच्या बाजूनं, थोडं खालून. हे फोटो तिनं आधी काढलेले होते. गेल्या वर्षी बोरगावच्या लग्नात, त्याच्या आदल्या वर्षी, त्याच्याही आधी. ती तिथेच उभी राहिली होती जिथे ती नेहमी उभी राहते. कॅमेऱ्यानं तिचेच जुने फोटो धुऊन पुसून तिच्यापुढे ठेवले होते. जामसांवलीचे फोटो तिनं पुन्हा उघडून पाहिले. नारळवालीचं तोंड, त्यावरची प्रत्येक सुरकुती, आणि बाकी काही नाही.

मग तिनं उर्वशीचे उघडले. बरेचसे वाया गेलेले होते. आतल्या उजेडात मोबाईलनं दम सोडला होता, काही हललेले, एकदोन तर नुसते डाग. तिला हायसं वाटलं. तेवढ्यात तो फोटो आला.

विहाराच्या मागची बाजू. कनातीच्या फटीतून उतरतं ऊन आलेलं. आचाऱ्यांनी घासून पालथ्या घातलेल्या भाताच्या मोठ्या गंजावर श्रावणकाका बसले होते. बाहेर मुलीची गाडी निघत असणार, कारण मागे सगळे रिकामे पाट आणि एकही माणूस नाही. काकांच्या हातात बुंदीचा द्रोण होता. दिवसभर ते जेवले नसावेत. तोंडात घास होता, गाल फुगलेला, आणि ते रडत होते. चावत होते आणि रडत होते. नव्या सदऱ्याच्या बाहीवर बुंदीचा एक दाणा चिकटलेला होता.

अर्चना फोटोकडे पाहत राहिली. बाहेर कोणीतरी "झेरॉक्स आहे काय?" असं विचारून निघून गेलं. तिला तो फोटो हातानं झाकून टाकावासा वाटला. आजवर ती कॅमेऱ्यावर जळत होती, आणि ते एका अर्थानं सोपं होतं. कॅमेरा उद्या कर्ज काढूनही घेता आला असता. आज कॅमेरा तिच्याच टेबलावर होता. लेन्स, कार्ड, चार्जर, सगळं तिच्याकडे होतं. आणि तरी सगळे जिकडे पाहत होते तिकडे पाठ करून ही एक हात मोडलेली बाई मागे गेली होती. का गेली? तिला कसं कळलं? हे कोणत्या दुकानात मिळत नव्हतं, आणि म्हणून तिला उर्वशीचा असा राग आला की तिचे डोळे भरले.

तिनं एक वेगळं फोल्डर केलं, त्याला 'खराब' असं नाव दिलं आणि उर्वशीचे सगळे फोटो त्यात टाकले. मग फोन लावला.

"उर्वशी, मोबाईलचे नाही बसत गं अल्बममध्ये. या कॅमेऱ्याच्या बाजूले ठेवले की लगेच फरक दिसते."

"एकबी नाही काय, ताई?" उर्वशीनं विचारलं.

"मले तर नाही वाटत."

"बरं. तुम्ही पाहूनच म्हणत असान."

अर्चनानं फोन ठेवला. उर्वशीनं वाद घातला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो एक फोटो मात्र तिच्या स्वतःच्या फोनमधून काही पुसला गेला नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती तो उघडायची, पाहायची आणि चिडून बंद करायची.

अल्बम तयार झाला तेव्हा उर्वशीनंच सांगितलं, तुम्ही गावातल्या, तुम्हीच नेऊन द्या. स्नेहा नवऱ्यासोबत माहेरी आली होती. सगळे सतरंजीवर बसले, अल्बम मधोमध ठेवला आणि स्नेहानं पानं उलटायला सुरुवात केली. फोटो सगळ्यांना आवडले. स्नेहा म्हणाली, "अर्चनाताई, मले वाटलं नव्हतं तुम्ही इतके भारी काढसान." जावई म्हणाले की छिंदवाड्यालाही असं काम होत नाही. अर्चना चहा पीत हसत होती. हीच ती गोष्ट, जी तिला दोन वर्षांपासून हवी होती, आणि आज ती नकोशी वाटत होती.

श्रावणकाका जरा मागे भिंतीला टेकून बसले होते. सगळ्यांचं पाहून झाल्यावर त्यांनी अल्बम मांडीवर घेतला. ते सावकाश एकेक पान पाहत होते, काठाकाठानं, कोपऱ्याकोपऱ्यानं. अर्चनाला आधी वाटलं ते मुलीला पाहत आहेत. मग तिच्या लक्षात आलं की ते स्वतःला शोधताहेत. घरच्यांच्या ग्रुप फोटोत ते होते, पण पुढच्या माणसाच्या फेट्यानं त्यांची हनुवटी झाकली होती. आणखी एका फोटोत त्यांची पाठ होती.

"यायचा फोटो एकबी धड नाही काय गं, अर्चना?" मालतीकाकूनं काकांकडे बोट करून विचारलं.

"राहू दे ना," काकाच म्हणाले. "मी कामात होतो. ते बिचारी कुठी कुठी पाहीन."

त्यांनी अल्बम मिटला आणि वरून हात फिरवला. अर्चनानं फोन काढला. तो फोटो शोधावा लागला नाही. तिनं फोन काकांच्या हातात दिला.

काकांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मालतीकाकू त्यांच्या खांद्यावरून वाकली. स्नेहानं फोन ओढून घेतला, आणि "बाबा" एवढंच म्हणून ती उठून आत गेली. आतून तिचं नाक ओढणं ऐकू यायला लागलं. काका खाली मान घालून सतरंजीचा धागा ओढत होते.

"मले म्हणत होते, जेवलो, जेवलो," मालतीकाकू म्हणाली. मग डोळे पुसून अर्चनाकडे वळली. "तू कधी काढला वं हा? तू तर गाडीपाशी होती."

"तेव्हाच," अर्चना म्हणाली.

"मोठ्या कॅमेऱ्याचं कामच वेगळं असते," जावई म्हणाले. "लांबूनच ओढून घेते सगळं."

सगळ्यांनी माना हलवल्या. अर्चनानं चहाचा कप उचलून बाजूला ठेवला. स्नेहा बाहेर आली आणि म्हणाली, हा फोटो मोठा करून पाहिजे, समोरच्या भिंतीवर लावायचा. अर्चना "हो" म्हणाली आणि निघाली. रस्ताभर जावयांचं बोलणं तिच्या डोक्यात फिरत होतं. हेच तर तिनं इतके दिवस सगळ्या सौंसरला सांगितलं होतं. आज दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते किती उथळ वाटलं. कनातीमागे जाऊन ते पाहणारं कोणी होतं, हे जावयांना सुचलंसुद्धा नाही.

तिनं फोटो कॉम्प्युटरवर घेऊन मोठा करून पाहिला. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो. थोडा ताणला आणि फुटला. काकांचा डोळा म्हणजे चारसहा चौकोन. मोठा करायचा तर मूळ फोटो हवा होता, आणि तो उर्वशीच्या मोबाईलमध्ये होता. फोनवर मागता आला असता. काहीतरी कारणही सांगता आलं असतं. तिनं दोन कारणं जुळवूनही पाहिली. मग दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याची पिशवी घेतली आणि पांढुर्ण्याची बस धरली.

उर्वशीच्या घरी अंगणात संत्र्याच्या रिकाम्या क्रेटांची थप्पी होती. प्लास्टर निघालं होतं, आणि ती रबरी चेंडू दाबत पायरीवर बसली होती. तिनं अर्चनाला आत नेलं, पाणी दिलं. अर्चनानं पाणी न पिता सांगून टाकलं. फोटो चांगला होता, तिला तो कळला होता, म्हणूनच तिनं तो काढून टाकला होता. आणि काल मेश्रामांकडे तो अर्चनाचाच समजला गेला, आणि तिनं तसं समजू दिलं.

उर्वशीनं चेंडू दाबणं थांबवलं.

"म्हणजे तुम्ही मले फोनवर खोटं बोलल्या."

"हो."

"मी आठ दिवस पाहत होती तो फोटो. मले वाटलं, आपल्यालेच काही समजत नाही. ताई म्हणतात तर नसीनच चांगला." तिचा आवाज चढला नव्हता, पण ती अर्चनाकडे बघत नव्हती. "आणखी कोणी म्हटलं असतं तर मी नसतं आयकलं."

अर्चनानं कॅमेऱ्याची पिशवी तिच्यापुढे ठेवली. भिंतीवरचा पंखा खडखडत होता. तिनं विचारलं, "तू मागं कशी गेली, त्या वक्ताला?"

"कशी म्हणजे? माह्या पाठवणीत माझे बाबा दिसतच नव्हते. मले अजून माहीत नाही ते कुठी होते." उर्वशीनं खांदे उडवले. "आता प्रत्येक लग्नात मी बापाले पाहतो, कुठी आहे म्हणून."

"अन् हा कॅमेरा?"

"तो तर लोकांसाठी घेतला. आधी माह्यापाशी लहान होता, तुमच्यासारखाच. मोठ्या घरचे लोक नवऱ्याले विचारत, मॅडम शौकानं काढतात काय? हा गळ्यात घातल्यापासून कोणी विचारत नाही. अंधारात कामाचा आहे, ते खरं. बाकी मान दुखते." ती हसली नाही. मोबाईल उचलून तिनं मूळ फोटो पाठवून दिला. "देऊन टाका त्यायले. पण नाव माझं सांगा."

"सांगतो."

"सगळ्यांसमोर."

"हो."

अर्चना निघाली तेव्हा उर्वशी दारापर्यंत आली नाही.

तिनं सांगितलं. सगळे घरी असतील असा रविवार पाहून ती मेश्रामांकडे गेली आणि उभ्याउभ्याच म्हणाली की तो फोटो उर्वशीनं मोबाईलवर काढला, आणि अल्बममधून तो मी काढून टाकला होता. मालतीकाकूचा चेहरा उतरला. स्नेहा छिंदवाड्याहून फोनच्या स्पीकरवर ऐकत होती. "काहाले काढला होता?" काकूनं विचारलं. अर्चना म्हणाली, "तिचा माझ्यापेक्षा चांगला होता म्हणून." काकू काकांकडे पाहायला लागली. काकाच शेवटी म्हणाले, "मग त्या पोरीले एक दिवस जेवाले बोलवा. अर्चना, तूच बोलव." त्यांना तेवढंच महत्त्वाचं वाटलं असावं.

उर्वशी लगेच आली नाही. दोनदा तिनं काम सांगून टाळलं. तिसऱ्यांदा आली, नवऱ्यासोबत, गाडीवर मागे बसून. तोवर फोटो भिंतीवर लागला होता. मूळ फोटोही मोबाईलचाच. दारातून पाहिला तर काका जिवंत बसल्यासारखे दिसायचे, पण जवळ गेलं की सावलीत दाणे दिसत आणि बाहीची कड विरघळलेली वाटे. उर्वशी त्याच्यासमोर उभी राहिली. अर्चना तिच्या शेजारी, हातभर अंतर ठेवून. मालतीकाकू आत पोळ्या लाटत होती. काका नव्या सदऱ्यात दाराशी संकोचून उभे होते, जणू फोटोत कोणी दुसराच माणूस आहे.

"मोठ्या कॅमेऱ्यानं घेतला असता तर असा फुटला नसता," उर्वशी बारीक नजरेनं सावलीचा भाग पाहत म्हणाली.

"मोठा कॅमेरा माह्यापाशी होता," अर्चना म्हणाली. "अन् मी गाडीपाशी उभी होती."

उर्वशीनं पहिल्यांदा तिच्याकडे वळून पाहिलं. काकूनं आतून हाक मारली तशा दोघी जेवायला बसल्या. जेवताना उर्वशी स्नेहाच्या सासरबद्दल विचारत होती, लग्नातल्या आचाऱ्याची नक्कल करत होती, आणि काका चक्क हसत होते. अर्चना ताटातला भात कालवत तिच्याकडे पाहत राहिली. जळणं गेलं नव्हतं. या पोरीपाशी माणसं अशी लगेच मोकळी होतात, हे तिला तसंच खुपत होतं. पण आज ती उठून गेली नाही. उर्वशी कोणाशी बोलताना कुठे बघते, कधी गप्प होते, ते ती पाहत बसली.

निघताना उर्वशी गाडीवर बसली आणि म्हणाली, "ताई, पांढुर्ण्यात एक लग्न आहे. हात अजून जड उचलू देत नाही. येता काय?"

"तुझाच कॅमेरा?"

"नाही. तुमचा घेऊन या. माझा कॅमेरा नवरा धरीन, त्याले बटन दाबता येते."

तिचा नवरा गाडी चालू करता करता पुटपुटला, "मले फोकस नाही जमत." उर्वशीनं त्याच्या पाठीत चापट मारली आणि गाडी निघाली. अर्चना रस्त्यात उभी राहून म्हणाली, "येतो." ते त्या दोघांना ऐकू गेलं की नाही, हे तिला कळलं नाही, म्हणून घरी पोहोचल्यावर तिनं तेच मेसेज करून पाठवलं.